पुढचा सिग्नल हिरवा, तरी वेग का वाढवायचा नाही?

प्रश्न : मी सहायक लोको पायलटचं प्रशिक्षण घेतोय. लाल ऑटोमॅटिक सिग्नलला (गाड्यांच्या हालचालीप्रमाणे आपोआप बदलणारा सिग्नल) नियमाप्रमाणे थांबून गाडी पुढे काढली आणि पुढचा सिग्नल हिरवा दिसला, तरी वेग वाढवू नका असं शिकवतात. का? – एक वाचक, अजनी, नागपूर

उत्तर : हिरवा दिवा त्याच्या पलीकडच्या रुळाबद्दल सांगतो. तुम्ही आहात त्या तुकड्याची खबर मागच्या लाल दिव्याने दिलेली आहे. पुढची गाडी लांब गेली म्हणूनच पुढचा सिग्नल हिरवा झाला ना? मग मागचा अजून लाल का, ही शंका उलट वाढायला हवी. पुढच्या गाडीचा एखादा डबा सुटून मागे राहिला असेल किंवा रूळ तुटला असेल. तुकड्यावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटचा वीजप्रवाह रुळातूनच वाहतो, त्यामुळे रूळ तुटला की सिग्नल लाल पडू शकतो. त्याच कामासाठी काही ठिकाणी असलेला ॲक्सल काउंटर मात्र नुसती चाकं मोजतो, तुटका रूळ त्याला कळत नाही. नुसता बिघाडही असू शकतो, पण इंजिनाच्या केबिनमधून ते ओळखता येत नाही.

म्हणून दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबा. सिग्नल तरीही लाल असेल तर ठरलेली शिटी द्या, गार्डशी (आता ट्रेन मॅनेजर) सिग्नलची देवाणघेवाण करा आणि समोर काही दिसताच थांबता येईल अशा बेताने निघा. वळण, धुकं, पाऊस, धूळ यामुळे समोरचं नीट दिसत नसेल तर वेग ताशी १० किलोमीटरच्या वर नकोच. पुढच्या सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत हाच सावधपणा.

हे सगळं खांबावर पांढऱ्या गोल पाटीत काळा ‘ए’ असेल किंवा सेमी-ऑटोमॅटिक सिग्नलचा (कधी आपोआप, कधी माणसाच्या हातून चालणारा) ‘ए’ दिवा पेटलेला असेल तरच. तो ‘ए’ दिवा विझलेला असेल, तर सिग्नल साधा स्टॉप सिग्नल समजा. तिथे मिनिटं मोजून उपयोग नाही. पुढे जाण्याचं लेखी अधिकारपत्र किंवा कॉलिंग-ऑन सिग्नल (मुख्य सिग्नल लाल असतानाही सावधपणे पुढे या असं सांगणारा छोटा सिग्नल) मिळाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. नवशिके इथेच फसतात.

प्रश्न : गाडी अडकली तर डिटोनेटर (चाकाखाली फुटून येणाऱ्या गाडीच्या चालकाला सावध करणारे फटाके) ६०० आणि १२०० मीटरवर लावायचे की ९० आणि १८० वर?

उत्तर : ॲब्सोल्यूट ब्लॉकमध्ये (एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी सोडण्याची पद्धत) ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. ऑटोमॅटिकमध्ये मागच्या बाजूला ९० वर एक, १८० वर दोन. कारण लाल ओलांडून येणारी गाडी हळूच येते. शेजारची लाइन अडली असेल तर ही सवलत नाही. तिथे ६०० आणि १२०० च, आणि तिकडे आधी धावा.