घरच्यांना खेळायला बसवायचंय?

टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल घेतलास, छान. पण पहिल्याच दिवशी तुझा लाडका गेम घरच्यांपुढे ठेवू नकोस. कधीच न खेळलेल्या माणसाला अडवतो तो कंट्रोलर. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं, वर डझनभर बटणं! आपल्या हातात हे मुरलेलं असतं, म्हणून त्यातली अडचण दिसत नाही.

निन्टेन्डो या गेम कंपनीने 2006 मध्ये 'वी' हा कन्सोल आणला तो हे ओळखूनच. कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा. 'वी स्पोर्ट्स'च्या टेनिसमध्ये खेळाडू आपोआप धावतो, तुम्ही फक्त हात फिरवायचा. ग्राफिक्स प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरळसरळ कमी होते, तरी 10 कोटींवर वी विकले गेले. शिवाय जपानबाहेर बहुतेक ठिकाणी 'वी स्पोर्ट्स' कन्सोलसोबतच यायचा, त्यामुळे 'आता काय खेळायचं?' हा प्रश्नच नव्हता.

तुझ्याकडे निन्टेन्डोचाच 'स्विच' कन्सोल असेल तर 'मारिओ कार्ट 8 डीलक्स' या शर्यतीच्या गेमपासून सुरुवात कर. त्यात स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप वेग घेण्याची सोय आहे. नवख्यासाठी दोन्ही चालू ठेव. गाडी रस्त्याबाहेर जात नाही, शर्यत पूर्ण होते. (जिंकायची खुमखुमी आली की लोक स्वतःच ते बंद करायला सांगतात.)

अपडेट वगैरे आदल्या रात्रीच उरकून घे. फेऱ्या छोट्या ठेव. आणि कोणी अडकलं तर कंट्रोलर हातातून ओढून घेऊन 'असं कर' म्हणून दाखवू नकोस. तो माणूस पुन्हा बसत नाही.