टोमॅटो संपत नाहीत आणि थंडी तर दारात आली: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत टोमॅटो आहे! उरलेल्यांत कुठे काकडी, कुठे लोकरीचे स्वेटर, कुठे हीटर. उन्हाळा सरत आला की सगळं एकदमच पिकतं, आणि तेव्हाच थंडीची तयारीपण खुणावायला लागते, त्यामुळे यावेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतलीयेत. सगळ्यांना लांब उत्तरं देता आली नाहीत, पण जिथे तब्येतीचा प्रश्न आहे तिथे मी मुद्दाम सविस्तर लिहिलंय, ते प्लीज नीट वाचा.

ताई, टोमॅटोची सहा रोपं लावली, दोन पुरतात असं सांगितलेलं पण ऐकलं नाही. आता ओट्यावर, खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर, सगळीकडे टोमॅटो. ऑफिसमधून आल्यावर गॅससमोर तासभर उभं राहायचं जिवावर येतं, उकाडा अजून गेलेला नाहीये. टाकवत तर अजिबात नाहीत. सॉस करून उकळता बरण्यांत भरला आणि बरण्या उलट्या ठेवल्या की वर्षभर टिकतो म्हणे, करू का तसं?
– टोमॅटोंनी घेरलेली

आज काहीच शिजवू नका. टोमॅटो धुवा, कोरडे पुसा, देठाकडचा कडक भाग काढा आणि अख्खेच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. झालं. फ्रीझर उणे १८ अंशांवर असू द्या. हवं तेव्हा काढून नळाखाली धरलात की साल आपोआप सुटून हातात येते, उकळत्या पाण्यात बुडवून सोलायचा सगळा खटाटोप वाचतो. फक्त एक, असे टोमॅटो नंतर मऊ लिबलिबीत होतात, म्हणजे कच्चे खायला नाही चालणार पण सूप, सॉस, रस्सा यात काही फरक कळत नाही. एखाद्या रात्री जरा गार वाटलं तर अर्धे कापून, मीठ आणि थोडं तेल लावून ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास ठेवून द्या, कडा काळपट व्हायला लागल्या की बंद करा, गार झाले की तेही फ्रीझरमध्ये. चव अशी दाटून येते की थंडीत एकेक तुकडा पुरवून पुरवून वापराल.

आता बरण्यांचं. उलट्या ठेवायची पद्धत करू नका. झाकण चिकटलं म्हणजे आतलं सुरक्षित झालं असं नसतं. बोट्युलिझम नावाची विषबाधा ज्या जंतूमुळे होते त्याचे बीजाणू साध्या उकळीला, म्हणजे १०० अंशांना, मरत नाहीत, आणि बंद बरणीत हवा नसते तेच त्यांना हवं असतं. त्यांना रोखतो तो आंबटपणा. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत, आणि गोची अशी की टोमॅटो नेमका त्या रेषेच्या आसपास असतो, कधी खाली तर कधी वर, जात कुठली आणि किती पिकलाय त्यावर ठरतं. जास्त पिकलेला कमी आंबट! म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीत १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा, आणि लिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायचाच. ताजा पिळलेला नाही, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा आणि बाटलीतल्याचा ठरलेला असतो. त्यानंतर भरलेल्या बरण्या पाण्यात पूर्ण बुडवून उकळायच्या, किती मिनिटं ते बरणीच्या मापावर आणि तुम्ही समुद्रसपाटीपासून किती उंचावर राहता त्यावर असतं, तेव्हा तपासलेली रेसिपी समोर ठेवूनच करा. त्यात कांदा, मिरची, लसूण मनाने वाढवू नका, त्यांनी आंबटपणा कमी होतो. एवढं सगळं सांभाळायला वेळ नसेल तर सरळ फ्रीझर, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि हो, रात्री गार पडायला लागल्या की झाडावर राहिलेले हिरवे टोमॅटो तोडून घरात आणा. साधारण १० अंशांखाली ते झाडावर नीट पिकतच नाहीत. कागदाच्या पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्यासोबत ठेवलेत तर लवकर रंग धरतात, त्यांना उन्हाची गरज नसते, उबेची असते.

मी बेसिल आणि लसूण ऑलिव्ह ऑइलमध्ये घालून सुंदर बाटल्या भरल्यात, ओट्यावर रांगेत ठेवल्यात, दिसायला इतक्या छान दिसतात! थंडीत नातेवाईकांना भेट द्यायच्यात. किती महिने टिकतील?
– बाटल्यांवर जीव असलेली

हे पत्र वाचून मी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला उत्तर पाठवलं होतं, ते मिळालं असेलच, पण बाकीच्यांसाठी इथे परत लिहिते. ओट्यावर ठेवलेल्या त्या बाटल्या टाकून द्या. मला माहितीये किती मेहनत असते, पण एकही ठेवू नका आणि कोणाला देऊ तर नकाच. लसूण मातीत वाढतो, त्याला ते वर सांगितलेले बीजाणू असू शकतात, लसणात आंबटपणा नाही, आणि तेलाने हवा अडवली जाते. म्हणजे त्या जंतूला हवं ते सगळं आपण आपल्या हाताने जमवून दिलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वास येत नाही, फेस येत नाही, रंग बदलत नाही, चाखून कळत नाही. ताज्या पानांचंही तेच.

मग बेसिलचं काय करायचं? पानं तेलाबरोबर वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये घाला आणि फ्रीझ करा, घट्ट झाले की क्यूब काढून पिशवीत. लसूण घालून केलं तरी असंच, लगेच फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये ठेवायचं तर चार दिवसांच्या आत संपवायचं. भेटच द्यायची असेल तर थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी सुकवून द्या, जुडी उलटी टांगा, अंधाऱ्या हवेशीर जागी, पान बोटात कुस्करल्यावर चुरा झाला की बरणीत भरा. बेसिल सुकवलं की चव जाते, म्हणून ते फ्रीझरलाच बरं.

फरसबी गेल्या वर्षी फ्रीझ केली, दोन महिन्यांत वाळक्या गवतासारखी लागायला लागली. फ्रीझर खराब आहे का?
– एक वाचक

फ्रीझर बरा आहे, ब्लांच करायचं राहिलं. भाजीतले एन्झाइम थंडीत मरत नाहीत, नुसते सुस्तावतात, आणि हळूहळू रंग, चव, सगळं खात बसतात. भरपूर उकळत्या पाण्यात फरसबी ३ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, मग अगदी कोरडी पुसून ताटात सुटी पसरून फ्रीझ करायची आणि नंतर पिशवीत भरायची, म्हणजे गठ्ठा होत नाही. पिशवीतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. मी कधीकाळी तारीख न लिहिता चार पिशव्या ठेवल्या होत्या, त्यातली कुठली नवी कुठली जुनी ते शेवटपर्यंत कळलं नाही. मक्याचंही असंच, पण कणसं आणली त्याच दिवशी करा, तोडल्यापासून त्यातली साखर पिठूळ व्हायला लागते.

व्हिनेगरमधली काकडी दरवर्षी मऊ पडते, शिवाय फार आंबट होते म्हणून सासूबाई म्हणतात व्हिनेगर निम्मं कर आणि पाणी वाढव. करू?
– कुरकुरीत काकडीच्या शोधात

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि व्हिनेगर मात्र कमी करू नका. कपाटात ठेवायच्या काकडीत ते चवीला नसतं, राखणीला असतं. ५ टक्के आम्लाचं घ्या, बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि रेसिपीत जेवढं असेल तेवढंच घाला. फार आंबट लागत असेल तर साखर वाढवा, साखरेने धोका होत नाही. मीही एकदा आंबट लागतं म्हणून पाणी वाढवलं होतं, तिसऱ्या आठवड्यात पाणी गढूळ झालं आणि सगळी बरणी फेकली, तेव्हापासून मापाला हात लावत नाही.

मऊ पडायचं कारण बहुतेक वेगळंच आहे. काकडीचं फुलाकडचं टोक, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूचं, तिथे काकडी मऊ करणारे एन्झाइम असतात, ते टोक दोनेक मिलिमीटर कापून टाका. काकड्या लहान, कोवळ्या आणि त्याच दिवशीच्या घ्या, आधी दोन-तीन तास बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. सासूबाईंना कमी आंबट हवी असेल तर त्यांच्यासाठी एक छोटी बरणी वेगळी करा, ती फ्रिजमध्येच ठेवायची आणि आठवड्याभरात संपवायची. घरात दोघींचंही राहिलं.

कांदे, बटाटे, सफरचंदं, गाजरं, भोपळे असं सगळं एकाच कोठीत ठेवते. काही ना काही सडतंच.
– कोठीवाली

एकत्र ठेवू नका. सफरचंदातून इथिलिन नावाचा वायू निघतो, त्याने शेजारची गाजरं कडू होतात. कांदा आणि लसूण आधी दोन-तीन आठवडे सावलीत हवेशीर सुकवा, मानेकडचा भाग कागदासारखा झाला की जाळीच्या पिशवीत. बटाट्याला अंधार हवा, उजेडात तो हिरवा पडतो आणि त्याबरोबर सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, थोडा हिरवा असेल तर तेवढा भाग खोल कापून टाका पण चव कडू लागली तर पूर्ण बटाटा टाका. भोपळ्याचं देठ मोडू देऊ नका आणि देठाला धरून उचलू नका, ते तुटलं की सड तिथूनच शिरते. १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागी भोपळा दोन-तीन महिने आरामात राहतो. आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांवर हात फिरवा, मऊ लागेल ते आधी शिजवा.

आम्ही दोघंही कामावर, हातात रविवार एकच. थंडीच्या आधी घराचं काय काय करायचं याच्या याद्या वाचून घाबरायला होतं. नेमकं काय आधी करू?
– एकाच रविवारवाला

दादा, हीटर किंवा बॉयलर, जे काही घर गरम करायला असेल ते आधी. थंडी पडली की सगळ्यांनाच मेकॅनिक एकाच आठवड्यात हवा असतो, म्हणून आजच फोन करा. गॅस, लाकूड किंवा तेल जळणारं काही घरात असेल तर त्याच्या धुराचा मार्ग साफ करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. अलार्म आधीच असेल तर टेस्टचं बटण दाबून बघा. एवढं एक झालं तरी तो रविवार सार्थकी लागला असं समजा, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालतं.

मग लोकर. कसर लागते ती मळक्या कपड्यांना आधी, घाम आणि अन्नाचे डाग अळ्यांना आवडतात. उडणारं पाखरू लोकर खात नाही, त्याची अळी खाते. म्हणून स्वेटर कपाटातून काढले की उजेडात धरून बघा, भोकं दिसली तर धुवायच्या आधी पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान तीन दिवस ठेवा, आणि कपाटाच्या कानाकोपऱ्यात व्हॅक्यूम फिरवा. ब्लँकेटं ऊन आहे तोवर धुऊन घ्या, जाड ब्लँकेट आतून दमट राहिलं की पुढे वास मारतं.

खिडक्यांच्या फटी शोधायला वारा असलेल्या दिवशी ओला हात चौकटीवरून फिरवा, गार झुळूक लगेच कळते. छपराच्या पन्हळी मात्र आता साफ करू नका, पानं बहुतेक गळून गेल्यावर एकदाच करा, नाहीतर तेच काम दोनदा होतं. आणि शिडीवर एकटे चढू नका, खाली दुसरं कोणीतरी हवंच.

ताई, धाकटा यंदा शिकायला बाहेर गेला. पंचवीस वर्षं चौघांचा स्वयंपाक केला, आता दोघंच आहोत तरी हाताला तेच माप येतं. मोठ्या पातेल्यात सूप होतं आणि मग तीन दिवस तेच. या दिवसांत तर आम्ही सगळे मिळून बरण्या भरायचो, यंदा हातच लागत नाहीये कशाला.
– मोठ्या पातेल्यावाली

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हात लागत नसेल तर यंदा बरण्या भरू नका, खरंच. रिकामी शेल्फं म्हणजे काही चुकलं असं नाही.

माप मात्र लगेच बदलायचा हट्ट करू नका, पंचवीस वर्षांची सवय आहे ती. मोठं पातेलंच चढवा, पण सूप शिजल्यावर पसरट भांड्यांत ओतून पटकन गार करा, दोन तासांच्या आत फ्रिज किंवा फ्रीझरमध्ये जाऊ द्या, पातेलं रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. फ्रिजमधलं तीन-चार दिवसांत संपवायचं. बाकीचं एकेकाच्या वाटणीने छोट्या डब्यांत भरा, वर बोटभर जागा सोडा कारण गोठताना ते फुगतं. दूध किंवा क्रीम घालायचं असेल तर ते फ्रीझ करताना नको, गरम करताना घाला. बटाट्याच्या फोडी फ्रीझरमध्ये भुसभुशीत होतात, त्याही नंतरच.

डब्यांवर तारखेबरोबर काय आहे तेही लिहा. धाकटा सुट्टीला येईल तेव्हा जाताना त्याच्या बॅगेत जुन्या कागदांत गुंडाळून चार डबे घालता येतील, गोठलेले, प्रवास काही तासांचा असेल तर थंड राहणाऱ्या पिशवीत. आणि तोवर त्याला फोन करून विचारा की त्याला त्यातलं कुठलं हवंय, म्हणजे पुढचं पातेलं कशाचं चढवायचं ते तोच सांगेल.