पुण्यात भूगोल घेऊन बीए-एमए करावं का? नकाशे पाठ करण्यापलीकडे त्यात नक्की काय शिकवतात?

मी पुण्यातच भूगोलात बीए आणि मग एमए केलंय, आता सर्व्हे आणि नकाशांचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरी करते, म्हणून लिहायला बसले. तू म्हणतोयस की बारावी आर्ट्स झालीये, जगाचा भूगोल, प्रादेशिक राजकारण आणि सामाजिक संशोधन या तिन्हीत इंटरेस्ट आहे पण यातलं एक कुठलं धरावं कळत नाही, घरचे म्हणतायत स्कोप नाही, आणि तुझं इंग्रजी कच्चं आहे. शेवटच्या दोन गोष्टींवर शेवटी येते.

ते तीन वेगळे विषय आहेत असं मला तरी वाटत नाही. आणि हे मला वर्गात नाही कळलं, दौंड तालुक्यातल्या एका गावात कळलं, एसवायला असताना, चारचौघांत पोपट होऊन.

तीन दिवसांचं फिल्डवर्क होतं. आम्ही चौघी, हातात प्रश्नावली, एका कुटुंबाला एक फॉर्म. एका लांबलचक घराला तीन दारं, तीन भाऊ, तिघांचे सातबारे वेगळे, रेशनकार्डं पण तीन. मी मोठ्या उत्साहात तीन फॉर्म भरले. ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या, बराच वेळ नुसत्या बघत होत्या, मग म्हणाल्या, "तीन घरं कुठनं आणलीस गं बाई? चूल एकच हाय." सगळे हसले. मला वाटलं आजींना कागदपत्रांचं काय कळतंय. रात्री शाळेच्या ज्या खोलीत आम्ही उतरलो होतो तिथे सरांनी फॉर्म चाळले आणि विचारलं की जनगणनेत कुटुंबाची व्याख्या काय असते. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. म्हणजे चूल! ही व्याख्या मी परीक्षेत लिहून मार्कसुद्धा घेतले होते.

आता हे एवढं काय लावून धरलंय म्हणशील. त्या घराची जमीन मिळून तेरा एकर होती. तीन फॉर्म भरले तर गावात तीन अल्पभूधारक कुटुंबं दिसतात, एक भरला तर तेरा एकरवाला एक ऊस बागायतदार दिसतो, माणसं तीच, ऊसही तोच. आणि गंमत म्हणजे तीन फॉर्मही दरवेळी चूक नसतात, कारण पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं, चुलीवर नाही, तेव्हा कर्जाचा अभ्यास असेल तर सातबारा मोजायचा आणि घरात कोण काय खातं याचा असेल तर चूल. तुझा प्रश्न काय आहे त्यावर काय मोजायचं ते ठरतं. जे मोजायला धरतो त्याला आमच्यात एकक म्हणतात.

हेच जरा मोठं करून बघ म्हणजे थेट प्रादेशिक राजकारणात पोचशील. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द तू पेपरात वाचला असशीलच. 1983 ला राज्य सरकारने वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1984 ला अहवाल आला. (दांडेकर म्हणजे आपल्या बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटमधलेच अर्थतज्ज्ञ.) रस्ते, सिंचन, शाळा, वीज वगैरेंत जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजायचं, जेवढा मागे तेवढा त्याचा अनुशेष, सगळा मिळून तीन हजार कोटींच्या वर निघाला. म्हणजे इथे एकक झालं जिल्हा. आता पुणे जिल्हा घे. पश्चिमेला ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेला दौंडकडे पाचशेच्या आसपास, आणि मधलं अंतर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. अशा जिल्ह्याची पावसाची सरासरी काढलीस तर जो आकडा येईल तेवढा पाऊस पडणारं गाव तुला शोधायला लागेल. तसंच विकासाचं, शहर आणि चाकणसारखा कारखान्यांचा पट्टा सरासरीत धरला की पुरंदरचं कोरडं टोक दिसेनासंच होतं. तालुका एकक धरला की मागास कोण याची यादीच बदलते, आणि यादी बदलली की पैसा कुठे जाणार ते बदलतं, म्हणून तर एककावरून एवढी भांडणं होतात. बाहेरून ते आकडेमोडीचं वाटतं, असतं राजकारण.

पाण्याचं पण तेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत मिळून साधारण 29 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) साठा, त्यातून शहरही पितं आणि त्याच पाण्यावर मुठेचा कालवा हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरला जातो. उन्हाळा आला की शहरातल्या पेपरात बातमी येते शेतीला पाणी सोडल्याने पुण्यात कपात होणार, आणि दौंडला चहाच्या टपरीवर ऐकलंस तर पुणेकर गाड्या धुतात आणि आमचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लांबवतात. मी पेठेत वाढलेली, मला ती दुसरी बाजू वीस वर्षं माहीतच नव्हती.

आता दौंडच्या जागी इजिप्त ठेव. 1959 ला इजिप्त आणि सुदानने नाईलचं पाणी आपसात वाटून घेतलं, 55.5 अब्ज घनमीटर इजिप्तला आणि 18.5 सुदानला, आणि ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून त्यातलं बहुतेक पाणी येतं तो त्या करारात नव्हताच. इथिओपियाने 2011 ला ब्लू नाईलवर, म्हणजे नाईलच्या तिथून येणाऱ्या मोठ्या फाट्यावर, स्वतःचं मोठं धरण बांधायला घेतलं, 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि इजिप्तचा विरोध अजून चालूच आहे. नदी एक एकक धरते, देश दुसरं. किंवा पनामा कालवा घे, शाळेत आपण दोन महासागर जोडतो एवढंच पाठ करतो. पण तो गोड्या पाण्याच्या गाटून तलावावर चालतो, प्रत्येक जहाज लॉकमधून (जहाज वर-खाली करणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या टाकीतून) जाताना कोट्यवधी लिटर पाणी समुद्राला जातं, 2023 ला पाऊस कमी झाला तेव्हा रोजची 36 च्या आसपास जाणारी जहाजं 22-24 वर आणायला लागली. पाऊस पडला नाही पनामात आणि माल लटकला पार आशिया-अमेरिकेत. मुठेचा कालवा कळला असेल तर हे कळायला जड जात नाही, खरंच.

बाकी अभ्यासक्रमात काय असतं ते सगळं लिहीत बसत नाही, विद्यापीठाच्या साईटवर आहे. प्रॅक्टिकल्स मात्र गंभीरपणे घे. टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा) वाचणं, सर्वेक्षण, नकाशे काढणं, आणि आता जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहिती जोडून बघणं. आपलं पुणे 47 एफ/14 नंबरच्या शीटवर येतं, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून टेकडीचा उतार डोळ्यांसमोर आणता आला की जो आनंद होतो तो वेगळाच, मी तेव्हा पीएमटीतून जाताना पण पर्वतीच्या रेषा मनात काढायचे. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आत्ताच टाक लॅपटॉपवर.

आणि सामाजिक संशोधन म्हणजे सांख्यिकी आलीच, तिच्यापासून पळू नकोस. आर्ट्सची बरीच मुलं तिथेच गळतात आणि मग प्रबंधात नुसते पाय चार्ट लावतात. पण आकड्यांच्या आधी विचारणं शिकावं लागतं. काकूंना विचारलं पाणी कोण भरतं, तर ओसरीवरून काका उत्तर देतात "नळ आहे की". नळाला पाणी आठवड्यातून किती वेळा येतं आणि हंडा कुणाच्या कमरेवर असतो ते काका आतून चहा आणायला उठले की मगच कळतं. जनगणना शेवटची झाली 2011 ला, 2021 ची लांबली, त्यामुळे स्वतः जाऊन विचारता येणाऱ्या माणसाची किंमत उलट वाढलीये.

घरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. प्राध्यापक व्हायचं तर सेट-नेट या पात्रता परीक्षा काढूनही कायम जागा क्वचित निघते, माझ्या बॅचचे दोघं अजून सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या कामावर, तास घेतायत आणि पगार कधी येईल ते त्यांनाही सांगता येत नाही. स्पर्धा परीक्षेला भूगोल उपयोगी पडतो पण त्यासाठीच भूगोल घेणार असशील तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आधी चक्कर मारून ये, किती जण किती वर्षं बसलेत ते बघ. जीआयएसमध्ये पुण्यात काम मिळतं, सुरुवातीला दिवसभर रस्ते आणि बिल्डिंगा डिजिटाईझ करायला, म्हणजे कॉम्प्युटरवर गिरवायला लावतात, पैसे बेताचेच, दोनेक वर्षांनी बरं होतं. घरच्यांना हेच सांग, उगाच मोठमोठी स्वप्नं दाखवू नकोस.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. बीएचे पेपर मी मराठीतच लिहिले. एमएला वाचायचं बहुतेक सगळं इंग्रजीत येतं, तेव्हा एफवायपासून रोज एक-दोन पानं वाचायची सवय लाव, पहिले सहा महिने डोकं दुखेल. पुस्तकं नवीकोरी घेऊ नकोस, अप्पा बळवंत चौकात जुनी अर्ध्या किमतीत मिळतात आणि कधी कधी आधीच्या कुणीतरी समासात नोट्स पण काढून ठेवलेल्या असतात.