वाचकांचे प्रश्न : बिबट्या दिसला, पिंजरा का नाही?

प्रश्न : गोरेगावला आमच्या सोसायटीच्या भिंतीवर रात्री बिबट्या दिसला. वनखाते त्याला पकडून दूर का सोडत नाही? आम्ही रहिवाशांनी काय करावे?

उत्तर : नुसते दर्शन हे पकडण्याचे कारण ठरत नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. शिवाय पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला, तर तिथे माणसांवरील हल्ले वाढू शकतात, हे जुन्नर परिसरातील अभ्यासातून दिसून आले आहे, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतोच. म्हणूनच 2011 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वनाधिकाऱ्यांनी संशोधक व नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, ज्यात वस्त्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलण्यावर भर होता. वाघोबाला पुजणाऱ्या आरेतील वारली पाड्यांना हे सहजीवन नवे नाही; नवे आहोत ते आपण टॉवरवासी. आपल्या वाट्याचे काम साधे, पण कंटाळवाणे आहे : उघडा कचरा हटवावा, कारण त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, दिवे नीट ठेवावेत, अंधारात मुलांना एकटे सोडू नये. बिबट्या पुन्हा दिसल्यास गर्दी न करता 1926 या वनखात्याच्या मदतक्रमांकावर कळवावे.