इशारा जिल्ह्याला, पाऊस तालुक्याला

प्रश्न : आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला मुसळधार पावसाचा इशारा मिळतो, पण एका तालुक्यात पूर येतो, तर शेजारच्या तालुक्यात ऊन असते. अंदाज चुकला असे म्हणावे का?

उत्तर : दरवेळी नाही. इशारा जिल्ह्यासाठी असतो आणि एकेका गडगडाटी ढगाचा पसारा मात्र अनेकदा काही किलोमीटरचाच असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पंचवीसएक किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३ मिलिमीटरच नोंदला गेला. किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा सक्रिय असून समुद्रावरचे बाष्प सह्याद्रीला अडून वर चढणार आहे, हे संगणकीय प्रारूपे दोन-तीन दिवस आधी सांगू शकतात. मात्र कोणता ढग कोणत्या गावावर रिता होईल, हे तो रेडिओलहरींनी पाऊस टिपणाऱ्या डॉप्लर रडारवर दिसू लागल्यावरच, तेही पुढच्या दोन-तीन तासांपुरते, बऱ्यापैकी कळते. शिवाय दूर जाताना रडारची शलाका जमिनीपासून उंचावत जाते, त्यामुळे डोंगराआडचा कमी उंचीचा पाऊस तिला चुकवतो. शब्दांचाही घोळ आहेच : हवामान विभागाच्या लेखी चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की पाऊस ‘मुसळधार’ ठरतो, आणि कोकणात तेवढ्या पावसात माणसे भातलावणी करत असतात.