बाप्तिस्म्याआधी खर्च मोजून घे

पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होऊ का, असं तू विचारलंस. घे, पण आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय शांतपणे वाच. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे प्रभूनेच सांगितलंय. चर्चचा चांगला पाळकही तुला घाई करणार नाही.

ख्रिस्ती होण्याचा हा खर्च बहुतेकदा घरातच द्यावा लागतो. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. दुःख दोघांनी भोगलं. लक्ष्मीबाईंनी जास्त, असं मला वाटतं, कारण निर्णय त्यांचा नव्हता. म्हणून सांगते, आईला तू स्वतः सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. तिच्या देवांबद्दल वावगा शब्द काढू नकोस. सणाला घरी जा. पूजेला बसणार नाहीस हे नम्रपणे सांग, पण पाणी भरायला, पंगत वाढायला सगळ्यांच्या आधी उभा राहा.

आणि मिळतं काय? मार्क 10 मध्ये येशू शंभरपट घरं, भाऊ-बहिणी, आया देईन म्हणतो, आणि त्याच दमात छळही सांगतो. आजारपणात डबा आणणारी, रात्रभर दवाखान्यात बसणारी माणसं मला चर्चच्या मंडळीतच मिळाली. त्याहून मोठी क्षमा मिळाल्याची शांती. नोकरी, लग्न, पैसा यांच्या आशेने मात्र येऊ नकोस. तसं वचन त्याने कुणालाच दिलेलं नाही.

रोज सकाळी थोडं शुभवर्तमान वाच. मार्कापासून सुरुवात कर. अडलं की ये, आपण सोबत वाचू.