फियॉर्डला खाडी म्हणावं का?

ईशान्य ग्रीनलंडच्या जुन्या नकाशांवरचा लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : ‘डेन्मार्क फियॉर्ड’, ‘इंडिपेंडन्स बे’, ‘पिअरी चॅनल’ या तिन्हींना सरसकट ‘खाडी’ म्हटलं तर चालेल का?

या लेखात तरी नाही चालणार. इथे शब्द चुकला म्हणून माणसं गेली आहेत. ४ जुलै १८९२ रोजी अमेरिकन शोधक रॉबर्ट पिअरी हिमपठार ओलांडून एका कड्यावर पोचला. खाली जे दिसलं त्याला त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावरून ‘इंडिपेंडन्स बे’ नाव दिलं आणि तिथून पश्चिमेकडे आरपार पाणी आहे असं समजून नकाशात चॅनल काढलं. हे चॅनल म्हणजे आपली सामुद्रधुनी, दोन्ही तोंडं समुद्राला. (यातली ‘धुनी’ म्हणजे संस्कृतातली नदी, साधूबुवांच्या धुनीशी तिचा संबंध नाही.)

१९०७ मध्ये डॅनिश मोहिमेतले मिलिउस-एरिक्सन, नकाशे काढणारा हागेन आणि ग्रीनलंडचाच ब्रॉनलुंड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन तिकडे गेले. आधी डेन्मार्क फियॉर्डमध्ये शिरले, तो आत बंद निघाला. पुढे चॅनलही बंदच! परतताना तिघेही दगावले. ब्रॉनलुंडच्या मृतदेहापाशी हागेनचे कच्चे नकाशे सापडले. १९१० मध्ये डॅनिश शोधक मिकेलसनला दगडांच्या राशीत त्यांची चिठ्ठी मिळाली : पिअरी चॅनल नाहीच. आजच्या नकाशात त्या ‘बे’चा ‘इंडिपेंडन्स फियॉर्ड’ झाला आहे.

आता खाडी. हा शब्द कानावर पडला की मला दाभोळ दिसतं : नदीचं मुख, आत चढणारी भरती, मचूळ पाणी, चिखल, खाजण. फियॉर्ड हिमनदीने कोरलेला असतो. दोन्ही बाजूंना उभे कडे, पाणी शेकडो मीटर खोल. एक टोक बंद, एवढंच काय ते साम्य. अर्थात खुद्द डॅनिश लोक या शब्दाबाबत सैलच आहेत. त्यांचा लिमफियॉर्ड उथळ आहे आणि दोन्हीकडून समुद्राला मिळतो!

म्हणून पहिल्या उल्लेखात ‘हिमनदीने कोरलेला, कड्यांमधला समुद्राचा चिंचोळा फाटा’ असं सांगून पुढे नुसतं ‘फियॉर्ड’ लिहा. ‘बे’ आणि ‘चॅनल’ नावांत तसेच ठेवा, नाहीतर नकाशा कुठे बदलला ते वाचकाला कळणार नाही. लिंगाचं म्हणाल तर खाडी ‘ती’, पण फियॉर्ड मी ‘तो’च लिहितो.